नथ कुणाला दिसते

‘आवाज’ दिवाळी अंकातलं खिडकीचित्र हातात घेतलं की डोळा आधी त्या कापलेल्या चौकोनाकडे जातो. वरच्या पानाला खिडकी पाडलेली असते आणि तिच्यातून मागच्या पानावरच्या चित्राचा एक तुकडा दिसतो. तुकडा असा नेमका निवडलेला असतो की वाचकाच्या मनात जे यायचं ते येतंच. पान उलटलं की मागे भलतंच, अगदी घरगुती काहीतरी निघतं. मधुकर पाटकरांनी १९५१ साली सुरू केलेल्या या अंकाची ती ओळखच होऊन बसली.

जाहिराती आणि मुखपृष्ठं वाचायला शिकायचं असेल तर सुरुवात इथून करावी असं मला मनापासून वाटतं. पान उलटल्यावर मागच्या चित्रातली एकही रेघ बदललेली नसते. शाई तीच, रंग तेच. बदलते ती चौकट, आणि चौकट बदलल्याबरोबर चित्राचा अर्थ बदलतो. शिवाय तो पहिला, चावट अर्थ छापलेला कुठेच नसतो. तो वाचकाने स्वतः पुरवलेला असतो आणि स्वतः पुरवला म्हणूनच त्याला तो खरा वाटतो. छायाचित्रकार कॅमेऱ्यातून बघताना आणि कलासंपादक संगणकावर फोटो कापताना हेच करतात. तेही खिडकीच पाडतात, फक्त तिथे पान उलटायची सोय नसते. ती सोय आपली आपण करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी थोडी शिस्त लागते.

माध्यम-अभ्यासाच्या वर्गात पहिली चूक होते ती घाईची. जाहिरात समोर ठेवली की उत्तर तयार असतं: ‘यात स्त्रीला वस्तू केलंय’, ‘लाल रंग म्हणजे धोका’. असेलही तसं. पण हे चित्रातल्या कशावरून म्हणता, असं विचारलं की बोट ठेवायला जागा सापडत नाही. म्हणून कागदावर दोन उभे रकाने आखायचे. डावीकडे फक्त जे दिसतं ते, तेही विशेषणाशिवाय; उजवीकडे त्यातून निघणारा अर्थ. ‘सुंदर तरुणी’ चालणार नाही. ‘स्त्री, केस मोकळे, मान उजवीकडे कललेली, ओठ किंचित विलग, उजेड डावीकडून, डोळे थेट कॅमेऱ्यात’ असं लिहायचं. वीस नोंदी झाल्याशिवाय उजव्या रकान्याला हात लावायचा नाही. आठ-दहापर्यंत सगळे सहज जातात. तिथून पुढे अडायला होतं आणि तिथूनच खरं बघणं सुरू होतं, कारण मग सावली कुठे पडली, मागचा धूसर भाग कशाचा आहे, अक्षरांना वेलांट्या कशा दिल्यात, तळाचा बारीक मजकूर काय म्हणतो, हे शोधावं लागतं.

पट्टी घेऊन मोजावंही. चेहरा हनुवटीपासून केसांपर्यंत किती सेंटीमीटर आणि पानाची उंची किती? चेहऱ्याने अर्ध्याहून अधिक उंची व्यापली असेल तर आपण त्या माणसाच्या इतक्या जवळ उभे आहोत, जितके एरवी फक्त घरच्यांच्या जवळ उभे राहतो. तोच माणूस पायांपर्यंत दिसला आणि भोवती मोकळी जागा सुटली तर तो परका, रस्त्यापलीकडचा. कॅमेरा खालून वर बघत असेल तर माणूस मोठा होतो, वरून बघत असेल तर आपण मोठे होतो. डोळे आपल्याकडे वळलेले असतील तर तो चेहरा आपल्याकडे काही मागतो. दुसरीकडे वळलेले असतील तर तो आपल्याला निवांत न्याहाळू देतो. एवढं मोजून झालं की ‘जवळीक’, ‘दरारा’ असे शब्द उजव्या रकान्यात लिहायला आधार मिळतो.

या दोन रकान्यांसाठी आपल्याकडे जुने, पक्के शब्द आहेत आणि ते सोडून परकी परिभाषा पाठ करायला लावतात याचं वाईट वाटतं. अभिधा म्हणजे शब्दाचा सरळ अर्थ, आणि त्यापुढे लक्षणा, व्यंजना. ‘गंगेवर गवळीवाडा’ हे शास्त्रकारांचं ठरलेलं उदाहरण. पाण्यावर वाडा उभा राहत नाही, म्हणून ‘गंगेवर’ म्हणजे ‘गंगेच्या काठावर’ असं समजायचं, ही लक्षणा. पण मग सरळ ‘काठावर’ का म्हटलं नाही? कारण ‘गंगेवर’ म्हटलं की नदीचा गारवा आणि पावित्र्य त्या वाड्याला चिकटतं. ही व्यंजना. आता १९७५ सालची लिरिलची जाहिरात आठवा. धबधबा, हिरव्या बिकिनीतली मुलगी, लिंबू. साबण धबधब्यात मिळत नाही आणि विकत घेणारी बाई तो बादलीतल्या पाण्याने अंगाला लावणार आहे. पण धबधब्याचा गारवा आणि तिथे कुणी बघत नसल्याचा मोकळेपणा, दोन्ही त्या वडीला चिकटतात. गवळीवाड्याचंच सूत्र साबणाला लागू पडलं.

फ्रेंच अभ्यासक रोलाँ बार्थ यांनी १९६४ साली पांझानी या कंपनीच्या जाहिरातीचं जे वाचन केलं, ते या विषयात आजही पहिला धडा म्हणून शिकवतात. जाहिरातीत बाजारातून आलेली जाळीची पिशवी अर्धवट उघडी आहे. तिच्यातून पास्त्याची पाकिटं, एक डबा, चीजची पुडी, टोमॅटो, कांदे, ढोबळ्या मिरच्या आणि अळंबी बाहेर आली आहेत. मागची बाजू लाल. बार्थ यांनी त्यातून चार गोष्टी काढल्या. उघडी पिशवी म्हणजे नुकताच बाजार करून आलेलं घर, म्हणजे ताजेपणा. टोमॅटो-मिरचीचे रंग आणि कंपनीचं नाव मिळून इटालियनपणा. सगळं एकाच पिशवीत, म्हणजे डब्यातला माल आणि शेतातला माल एकाच पंगतीला. आणि एकूण मांडणी युरोपातल्या फळा-भाज्यांच्या जुन्या चित्रांसारखी, म्हणजे अभिरुची. तिसऱ्या मुद्द्यापाशी जरा थांबावं. डबाबंद पदार्थाला ‘ताजा’ म्हणता येत नाही, ते खोटं ठरेल. म्हणून शब्दांनी तसं कुठेच म्हटलेलं नाही. डब्याशेजारी टोमॅटो ठेवला आणि उरलेलं काम पिशवीने केलं.

पण बार्थ यांची सर्वांत मोलाची नोंद इटालियनपणाबद्दल आहे. हा इटालियनपणा फ्रेंच माणसाला दिसतो. खुद्द इटालियन माणसाला तो जाणवणारही नाही, त्याला ते रोजचे टोमॅटो आणि रोजची नावं वाटतील.

इथे आपली नथ आठवते. देशभरासाठी केलेल्या जाहिरातीत बाई मराठी आहे हे दोन सेकंदांत सांगायचं असेल तर नथ, हिरव्या बांगड्या, नऊवारी, चंद्रकोर यांतलं काहीतरी पडद्यावर येतं. मसाल्याची जाहिरात असली तर नथ घालूनच फोडणी दिली जाते. मराठी घरात कोणी नथ घालून कढईसमोर उभं राहत नाही. नथ लग्नाला, मंगळागौरीला, हळदीकुंकवाला निघते आणि पुन्हा डबीत जाते. म्हणजे ती नथ मराठी बाईचं वर्णन करत नाही, ‘मराठी’ हा शब्द चित्रात लिहिते, आणि तो वाचणारा डोळा बाहेरचा आहे. हीच नथ पुण्यातल्या सराफाच्या जाहिरातीत आली की तिचा अर्थ फिरतो. बघणारी मराठीच असल्यामुळे ‘मराठी’ हे सांगायची गरज उरत नाही. तिथे नथ सण सांगते, आजीची डबी सांगते, आणि अलीकडे तर शर्टावर नथ घालून ‘परंपरा माझी, पण माझ्या मर्जीने’ असंही सांगते. वस्तू एकच. म्हणून ‘नथ म्हणजे काय’ हा प्रश्नच अपुरा आहे. ती कुणाला दाखवली आहे आणि तिच्या जागी दुसरं काय येऊ शकलं असतं, हे विचारायला हवं.

‘तिच्या जागी दुसरं काय’ ही या कामातली सगळ्यांत उपयोगी चाचणी. चित्रातली एकच गोष्ट मनातल्या मनात बदलायची आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं. नथीच्या जागी चमकी, नऊवारीच्या जागी सलवार, आईच्या जागी वडील, संगमरवरी ओट्याच्या जागी कडाप्पा. बदलल्यावर अर्थ हलला तर ती गोष्ट चिन्ह म्हणून काम करत होती. हलला नाही तर ती नुसतीच तिथे होती, तिच्यावर परिच्छेद खर्च करू नये. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कुणामुळे काय झालं ते कळत नाही. विद्यार्थी इथे हमखास चुकतात. ‘त्या जागी पुरुष असता तर’ म्हणताना त्याचे कपडे, बसणं, उजेड सगळंच बदलून टाकतात आणि निष्कर्ष लिंगाच्या नावावर लावतात.

ही चाचणी एकदा खुद्द वृत्तपत्रांच्या स्टॉलवर घडली. अमेरिकेत ओ. जे. सिम्प्सन या नामवंत माजी फुटबॉलपटूला खुनाच्या आरोपावरून अटक झाली, आणि २७ जून १९९४ या तारखेच्या अंकांवर ‘टाइम’ आणि ‘न्यूजवीक’ या दोन्ही साप्ताहिकांनी पोलिसांनी काढलेला एकच फोटो छापला. ‘न्यूजवीक’ने तो होता तसा. ‘टाइम’ने मॅट माहुरिन या चित्रकाराकडून त्यावर काम करून घेतलं. त्वचा गडद झाली, कडांना काळोख आला, चेहऱ्यावर सावली दाटली. दोन अंक शेजारी लागले नसते तर बहुतेकांना काही कळलंही नसतं. लागले म्हणून कळलं, आणि काळ्या माणसाला आणखी काळा करून आधीच गुन्हेगार ठरवलं, असा मोठा गदारोळ उठला. अंधाराने गुन्हा सूचित होतो हे नाटकाच्या प्रकाशयोजनेतलं साधं तंत्र. पण वंशभेदाचा इतिहास असलेल्या देशात तेच तंत्र त्वचेच्या रंगावर चढलं की त्याचा अर्थ तंत्रापुरता राहत नाही.

याच दोन अंकांचे मथळेही वाचावेत. ‘टाइम’चा मथळा होता ‘एक अमेरिकन शोकांतिका’, ‘न्यूजवीक’चा ‘रक्ताचा माग’. म्हणजे शब्दांत ‘न्यूजवीक’ कितीतरी कठोर होता आणि ‘टाइम’ हळहळत होता. तरी लोकांना राग आला तो ‘टाइम’चा. बार्थ शब्दांच्या या कामाला नांगर म्हणतात. चित्राचे अर्थ पाण्यावर भरकटत असतात, मथळा त्यातल्या एकाला बांधून ठेवतो. बहुतेक वेळा हे खरंच असतं. हातात पोस्टकार्ड घेऊन मथळा झाकावा, समोर दिसणाऱ्या चित्राला तीन वेगळे मथळे लिहावेत, मग पोस्टकार्ड काढून छापलेला मथळा वाचावा. आपल्या तिन्हींतले कोणते अर्थ त्याने बाद केले ते लख्ख दिसतं. पण कधी कधी नांगराला बोट आवरत नाही. ‘टाइम’चं चित्र त्याच्या मथळ्याला ओढून घेऊन गेलं.

मुखपृष्ठाला जाहिरातीपेक्षा एक जास्तीचं ओझं असतं. त्याला स्टॉलवर उभं राहावं लागतं. आपल्याकडे अंक पायऱ्यांसारखे एकावर एक रचतात किंवा दोरीला चिमट्याने टांगतात, त्यामुळे अनेकदा वरचा एक तृतीयांश भाग तेवढा नजरेस पडतो. म्हणून नाव वर, डोळे वर, मोठा मथळा वर. डोकं नावावर चढलेलं असेल, म्हणजे केसांनी एखादं अक्षर झाकलं असेल, तर समजावं की अंकाला आपलं नाव अर्धवट दिसलं तरी लोक ओळखतील याची खात्री आहे. नवं मासिक हे धाडस करत नाही. कोपऱ्यातली किंमत आणि बारकोड यांच्यात अर्थ शोधत बसू नये. त्या गोष्टी तिथे असाव्या लागतात म्हणून असतात.

काही जाहिराती मात्र त्यांच्यात नसलेल्या गोष्टीशिवाय समजतच नाहीत. सर्फच्या ललिताजींची जाहिरात आज एखाद्या विशीतल्या मुलीला दाखवा. तिला बाजारात काटेकोर खरेदी करणारी एक ठाम बाई दिसेल. अर्धा किलो सर्फ म्हणजे एक किलो स्वस्त पावडर, असा ती हिशेब सांगते. सर्फच्या खरेदीतच समजदारी आहे, असं बजावते. एवढी का चिडली आहे ही, असं त्या मुलीला वाटेल. कारण जिच्याशी ललिताजी भांडते आहे ती पडद्यावर नाहीच. करसनभाई पटेलांनी १९६९ साली अहमदाबादेत सुरू केलेली निरमा सर्फच्या कितीतरी कमी किमतीत घराघरांत शिरली होती, आणि तिच्या पाकिटावर पांढऱ्या फ्रॉकमधली गिरकी घेणारी मुलगी होती. लिंटास या जाहिरात संस्थेत अलेक पदमसींनी तिच्यासमोर कविता चौधरीची ललिताजी उभी केली. मुलीसमोर बाई, गिरकीसमोर हिशेब, गाण्यासमोर युक्तिवाद. महाग वस्तू विकायला श्रीमंत बाई न निवडता काटकसरी बाई निवडली, यातच त्या जाहिरातीची सगळी बुद्धी आहे. श्रीमंत बाईने महाग पावडर घेणं ही चैन झाली असती. काटकसर करणारीने घेतली की ती अक्कल ठरते.

चेहऱ्यांनाही अशीच मुदत असते. १९४१ साली लक्सच्या जाहिरातीत लीला चिटणीस आल्या, त्या साबणासाठी आलेल्या पहिल्या भारतीय नटी. तेव्हाच्या वाचकाला त्या चेहऱ्यात नुसतं रूप दिसत नव्हतं. चांगल्या घरातली, पदवीधर बाई सिनेमात आली होती, आणि तो मान साबणाच्या वडीकडे जात होता. आज तो कागद पाहणाऱ्याला जुनी साडी आणि जुनी केशरचना दिसते. कागद टिकला, पण ज्या खात्यातून अर्थ काढला जात होता ते खातं बंद झालं. म्हणून जाहिरातीखाली साल आणि ती कुठल्या नियतकालिकात आली ते लिहून ठेवावं. त्याशिवाय केलेलं वाचन आपल्याच काळाचं होतं.

क्रमाचंही तसंच. १९७५ साली आलेल्या फेअर अँड लव्हलीची ओळख म्हणजे एकाच चेहऱ्याची ओळीने लावलेली रूपं, डावीकडून उजवीकडे उजळत जाणारी. आपली लिपी डावीकडून उजवीकडे चालते म्हणून डावं ‘आधी’ होतं आणि उजवं ‘नंतर’. तीच पट्टी आरशात धरली तर मलम लावून चेहरा काळवंडत गेल्याची गोष्ट तयार होते. त्या पट्टीत आणखी एक गोष्ट होती जी बरीच वर्षं नजरेतून सुटायची: डावीकडचे चेहरे मलूल असायचे, उजवीकडचे हसरे. म्हणजे रंगाबरोबर सुखही वाढत होतं. २०१४ साली जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे एएससीआयने, त्वचा उजळवणाऱ्या उत्पादनांसाठी जे नियम घातले त्यात सावळी व्यक्ती दुःखी, न्यूनगंड असलेली किंवा मागे पडलेली दाखवू नये, हाच मुद्दा होता. २०२० साली नावातून ‘फेअर’ गेलं आणि ‘ग्लो’ आलं. पट्टीची सवय मात्र डोळ्यांत मुरली आहे. ‘ग्लो’ हा शब्द वाचून कोणाच्या मनात कुठला रंग येतो, हे चार जणींना स्वतंत्रपणे लिहायला लावून बघावं. एकमेकींचं ऐकून उत्तर दिलं तर पहिली बोलणारीचं उत्तर चौघींचं होतं.

स्वतंत्रपणे विचारायचं कारण जुनंच आहे. ‘सूर्य मावळला’ हे साधं वाक्य काव्यशास्त्रात उदाहरण म्हणून येतं. गुराख्याला ते ‘गुरं घराकडे वळवा’ असं ऐकू येतं, ब्राह्मणाला संध्येची वेळ झाल्याचं, चोराला कामाची, वाट पाहणाऱ्या प्रेयसीला भेटीची. ब्रिटनमधले माध्यम-अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ साली दूरचित्रवाणीबद्दल मांडलं की प्रेक्षक दिलेला अर्थ जसाच्या तसा घेतात, थोडा वळवून घेतात किंवा उलटून टाकतात. हे शिकताना काव्यशास्त्रकार मम्मटाचा हा मावळता सूर्य शेजारी ठेवला तर मराठी विद्यार्थ्याला तीन प्रकार घोकायची पाळी येत नाही. फक्त एक जपावं: प्रत्येकाचा अर्थ वेगळा म्हणजे कुठलाही अर्थ चालेल, असं नाही. मावळत्या सूर्यावरून कोणालाही सकाळ झाल्याचं कळत नाही.

हातांबद्दल बोलायचं राहिलं. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी सत्तरच्या दशकात जाहिरातींचे शेकडो फोटो लावून पाहिले आणि दाखवून दिलं की पुरुषाचा हात वस्तू पकडतो, वापरतो, तर बाईचा हात तिच्यावरून फिरतो, कडेला टेकतो, स्वतःच्याच गालाला लागतो. हे तपासायला कोणताही रंगीत दिवाळी अंक पुरे. मुखपृष्ठावर चितारलेली, दिवा घेतलेली स्त्री असेल असा अंक निवडावा. दीनानाथ दलालांनी १९४५ साली ‘दीपावली’ सुरू केला तेव्हापासून हे चित्र मराठी डोळ्याच्या सवयीचं आहे. मलपृष्ठावर सराफाची जाहिरात असली तर उत्तमच. अंक मधोमध उघडून पालथा घालावा, म्हणजे दोन्ही चेहरे शेजारी येतात. पुढच्या चित्रात उजेडाला जागा आहे: तो ज्योतीतून निघून हनुवटीखालून वर गेलाय, कपाळ सावलीत राहिलंय. डोळे ज्योतीवर. बोटं ताटलीखाली पसरलेली, अंगठा काठावर, कारण तेल सांडेल. मागच्या चित्रात उजेड चहूबाजूंनी, सावली कुठेच नाही. डोळे आपल्यावर. तर्जनी आणि मधलं बोट हाराला जेमतेम टेकलेली, हाराचं वजन कुठल्याच बोटाने घेतलेलं नाही. या झाल्या दोन्ही मिळून नऊ-दहा नोंदी. तळाच्या शाखांच्या पत्त्यांना अजून हात लावलेला नाही.